आठवड्याचा स्वयंपाक: पदार्थांची यादी नव्हे, भाजीचा क्रम

तुम्ही विचारलेले थोडक्यात असे: बेळगावच्या अनगोळमध्ये घर, घरात पाच माणसे. तुम्ही दोघेही नोकरीवर जाता, दोन मुले शाळेत आहेत आणि सासूबाईंना मधुमेह आहे. रविवारी गणपत गल्लीतून दोन पिशव्या भरून भाजी येते, तरी बुधवारपर्यंत मेथी पिवळी पडते, शनिवारी भेंडी टाकून द्यावी लागते आणि रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकताच ‘आज काय करायचे’ हा प्रश्न उभा राहतो. दोनदा सात दिवसांचा तक्ता करून तो फ्रिजवर चिकटवला, पण तो दहा दिवसही टिकला नाही. मग नियोजन करायचे तरी कसे आणि किराणा किती भरायचा?

मी टिळकवाडीत २६ वर्षे विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. रोज चाळीस-पंचेचाळीस मुले दोन वेळा जेवायला असत आणि त्यांचा महिन्याचा दर वर्षभर तोच राहायचा. बाजारभाव वाढला म्हणून ताटातली भाजी कमी करणे मला पटत नव्हते, त्यामुळे जे काही वाचवायचे ते वाया जाणाऱ्या जिनसांमधूनच वाचवावे लागले. खानावळ बंद केल्यानंतर गेली काही वर्षे मी बचत गटांतील महिलांबरोबर घरखर्चाच्या नियोजनावर काम करते. या दोन्ही अनुभवांतून जे खात्रीने सांगता येईल तेवढेच येथे लिहिते.

तुमचा तक्ता मोडला याचा दोष तुमच्या शिस्तीकडे नाही. सोमवारी भरली वांगी, मंगळवारी मेथी, बुधवारी मटकीची उसळ असा तक्ता करताना आपण पदार्थाला वार चिकटवतो, परंतु पिशवीतल्या भाजीला वार कळत नाही. मेथीसाठी मंगळवार ठरलेला असतो, पाऊस असल्यामुळे ती सोमवारीच मान टाकते. किंवा मंगळवारी कार्यालयातून यायला उशीर होतो, मेथी निवडायला अर्धा तास नसतो, म्हणून बटाटा चिरला जातो आणि मेथी उद्यावर ढकलली जाते. एक पदार्थ सरकला की पुढचे सगळे सरकतात आणि आठवड्याच्या मध्यावर तक्त्याचा आणि घराचा संबंध तुटतो. म्हणून ‘बुधवारी काय खायचे’ हा प्रश्न मी कोणालाही विचारू देत नाही. ‘घरात जे आहे त्यातले आधी काय संपवायला हवे’ एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर भाजीकडे पाहून मिळते आणि ते दोन मिनिटांत मिळते.

बाजारातून आणलेल्या भाजीचे टिकण्यानुसार चार गट मनात धरावेत. मेथी, शेपू, चाकवत, आंबाडी, लाल माठ, कोथिंबीर अशा पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांच्या. भेंडी, गवार, वांगी, दोडका, काकडी, घेवडा आणि पिकलेले टोमॅटो तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंतचे. यातही भेंडी आणि दोडका आधी, वांगी आणि गवार नंतर. फ्लॉवर, कोबी, गाजर, बीट, दुधी आणि न चिरलेला लाल भोपळा हे आठवड्याच्या शेवटासाठी. चौथ्या गटात कांदा, बटाटा, रताळी, कडधान्ये, बेसन आणि सुकवलेले जिन्नस येतात, ज्यांना आठवड्याची घाईच नसते. रविवारी बाजार केला की सोमवार-मंगळवार पहिल्या गटाचे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याचे, शुक्रवार-शनिवार तिसऱ्याचे आणि जेव्हा घर थकलेले असेल तेव्हा चौथ्याचे. एका गटातले काय आधी करायचे हे त्या दिवशी ठरवा, मात्र गट ओलांडू नका. तक्ता मोडतो तसा हा क्रम मोडत नाही, कारण त्यात बदलाला जागा आहे.

खरेदीही या गटांच्या मापाने करावी. बहुतेक घरांत पहिल्या गटाची खरेदी जास्त होते, कारण बाजारात हिरवीगार पेंडी पाहिली की हात पुढे जातो. दोन दिवसांत दोनच पालेभाज्या होतात; चार पेंड्या वेगवेगळ्या भाजीच्या आणल्या तर त्यातल्या दोन वाया जाणार हे आणतानाच ठरलेले असते. त्याउलट कोबी, दुधी, भोपळा या भाज्या आकर्षक दिसत नाहीत म्हणून पिशवीत येत नाहीत आणि शुक्रवारी घरात शिजवण्यासारखे काही उरत नाही. तुमच्या प्रश्नातील मेथी पिवळी पडणे आणि शनिवारी भेंडी फेकली जाणे या दोन्ही गोष्टींचे मूळ मला येथेच दिसते.

आपल्या भागातील हवेचा विचार यात निराळा करावा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि खानापूरकडून येणारा पाऊस जून ते सप्टेंबर हवेत सतत ओल ठेवतो. त्या महिन्यांत बाजारात येणारी भाजी मुळातच भिजलेली असते आणि उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात जी पेंडी दोन दिवस राहते ती पावसात दुसऱ्या दिवशीच काळी पडते. म्हणून पावसाळ्यात आठवड्याचा बाजार एकदाच करण्याचा आग्रह धरू नये. रविवारी निम्मी भाजी आणि बुधवारी घरी परतताना निम्मी, असे दोन छोटे बाजार करावेत. खानावळीच्या पहिल्याच पावसाळ्यात स्वस्त मिळाली म्हणून मी आठवडाभराची पालेभाजी एकदम घेतली होती आणि तिसऱ्या दिवशी तिच्यातला मोठा वाटा उकिरड्यावर गेला. त्या दिवसापासून भाजीचा भाव मी बाजारात दिलेल्या पैशांवर मोजत नाही, ताटात पडलेल्या भाजीवर मोजते.

साठवण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. पालेभाजी आणल्या दिवशीच निवडावी, पण धुऊ नये. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवावी आणि शिजवण्याच्या वेळी धुवावी. भिजलेली आली असेल तर आधी पंख्याखाली पसरून कोरडी करावी. हिरव्या मिरचीचे देठ काढून ठेवले तर ती आठवडाभर सहज राहते. कोथिंबिरीची मुळे कापून ती कोरड्या कापडात ठेवावी. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नयेत. कांद्याच्या सहवासात बटाट्याला लवकर मोड येतात. पिकलेली केळी भाजीपासून लांब ठेवावीत, कारण पिकणाऱ्या फळातून सुटणारा वायू शेजारची भाजीही पिकवतो. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून चाळीस मिनिटे भाजी निवडण्यात घालवली तर सोमवार ते बुधवार रोजचा अर्धा तास वाचतो, असा माझा हिशेब आहे. मुलांना मेथी खुडायला आणि वाटाणे सोलायला जरूर बसवावे. ते वेळ लावतील, पण स्वतः निवडलेली भाजी मूल ताटात सहसा टाकत नाही.

आता जेवणाची मांडणी. डबे आणि सासूबाईंचे दुपारचे जेवण यांसाठी सकाळी सुकी भाजी आणि पोळी. रात्री काहीतरी पातळ, बरोबर भाकरी आणि थोडा भात. आपल्या बहुतेक घरांची हीच घडी असते आणि ती बदलण्याची गरज नाही. त्यामुळे आठवड्यात निर्णय घ्यायचे ते फक्त चौदा: सात सुक्या भाज्या आणि सात पातळ पदार्थ. त्यातल्या दोन रात्री मुद्दाम मोकळ्या सोडाव्यात. एका रात्री उरलेसुरले संपवावे आणि दुसरी रात्र पाहुणा, आजारपण, बाहेरचे जेवण किंवा निव्वळ थकवा यासाठी राखावी. मोकळी जागा न ठेवणारे नियोजन पहिल्या पाहुण्यापाशी कोसळते. राहिले बारा निर्णय. त्यांपैकी तीन रात्री आमटी, एका रात्री उसळ आणि एका रात्री कढी किंवा टोमॅटोचे सार असे साचे पक्के केले की रोज विचार करायचा उरतो तो फक्त सकाळच्या भाजीचा.

एक आठवडा कसा जाईल ते सांगते. रविवारी दुपारी घरच्या पद्धतीप्रमाणे मटण, मासे किंवा वांग्याची भाजी असे सावकाश करण्याचे जेवण, आणि रात्री मुगाच्या डाळीची साधी आमटी. रविवारी रात्रीच अख्खा मसूर किंवा मटकी भिजत घालावी. सोमवारी सकाळी मेथीची सुकी भाजी. रात्री आमटी-भात आणि भिजवलेले कडधान्य फडक्यात बांधणे. मंगळवारी सकाळी लाल माठ किंवा शेपू, रात्री त्या कडधान्याची उसळ. थंडीत आणि पावसात आपल्याकडे मोडांना एका रात्रीत वेळ पुरत नाही, म्हणून मध्ये एक दिवस जास्त धरला आहे. उन्हाळ्यात सकाळी भिजवून रात्री बांधले तरी चालते. बुधवारी सकाळी भेंडी, रात्री अंड्यांची आमटी किंवा अंडी चालत नसतील तर शेवग्याच्या शेंगांची. गुरुवारी सकाळी वांगे-बटाटा, रात्री ताकाची कढी. शुक्रवारी सकाळी कोबीत हरभऱ्याची डाळ घालून, आणि रात्र मोकळी. शनिवारी सकाळी दुधी किंवा लाल भोपळा, रात्री पिठले-भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि फ्रिजमध्ये जे जे उरले असेल ते. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या घरांत सामिष दिवस आपोआप रविवार, बुधवार, शुक्रवारकडे जातात, त्यामुळे बुधवार आणि मोकळा शुक्रवार यांत अडचण येत नाही. एकादशी किंवा संकष्टी आली तर त्या दिवशी रताळी आणि साबुदाणा. आपल्या लाल मातीतील रताळी हे उपवासापुरते ठेवण्याचे अन्न नाही. उकडून मुलांच्या डब्यातही ती उत्तम जातात आणि घरात बरेच दिवस टिकतात.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडे मासळी कारवार, गोवा आणि मालवणकडून येते आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताजी मासळी थोडी आणि महाग असते. ज्यांना सुकी मासळी चालते त्यांनी मे महिन्यात सुकट आणि सुका बांगडा भरून कडक उन्हे दाखवून घट्ट डब्यात ठेवावा. इतरांनी त्या रविवारांसाठी अंडी किंवा अख्खा मसूर धरावा.

किती आणायचे हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि येथे अंदाजापेक्षा आकडा बरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाला २००० कॅलरींच्या आहारासाठी तृणधान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, दूध ३०० मिलीलीटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. पाच माणसे आणि सात दिवस म्हणजे ३५ वाटे. त्या हिशेबाने आठवड्याला तृणधान्ये पावणेनऊ किलो, डाळी-कडधान्ये सुमारे तीन किलो, भाजी चौदा किलो, फळे साडेतीन किलो आणि तेल-तूप एक किलोच्या आत. लहान मूल कमी खाईल, शेतात राबणारा माणूस जास्त खाईल. तरी तुमच्या घराची बेरीज या आकड्यांच्या आसपास येईल.

या आकड्यांशी मी जेव्हा गटातील महिलांच्या घरची खरेदी ताडून पाहते तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी एकच चित्र दिसते: तांदूळ आणि तेल जास्त, भाजी निम्म्याहून कमी. चौदा किलो हा आकडा ऐकून तुम्हीही दचकाल. एकदम तेथे पोहोचण्याची गरज नाही. आता सहा किलो येत असेल आणि त्यातली दोन किलो टाकली जात असेल, तर आधी ती दोन किलो पोटात जाऊ द्या. मग पुढच्या महिन्यात भाजी आठ किलो करा. वाढ करताना पालेभाजीची पेंडी वाढवू नका, कोबी, दुधी, गाजर, बीट, काकडी वाढवा. म्हणजे रात्रीच्या ताटात रोज एक कोशिंबीर येईल आणि वाया काही जाणार नाही.

तृणधान्यांची फोड साधी आहे. रात्री एकदाच भात आणि माणशी ६५ ते ७० ग्रॅम तांदूळ धरला तर आठवड्याला सव्वादोन ते अडीच किलो, म्हणजे महिन्याला दहा-साडेदहा किलो तांदूळ लागतो. उरलेले सव्वासहा-साडेसहा किलो पीठ. त्यात निम्मी ज्वारी, निम्मा गहू. एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम आकाराच्या पंधरा-सोळा भाकरी होतात, एक किलो कणकेत अठ्ठावीस ते तीस पोळ्या. हे माप मी खानावळीत वर्षानुवर्षे वजन करून पाहिले आहे. तुमच्या हातची भाकरी जाड असेल तर आकडा बदलेल, म्हणून एकदा स्वतः वजन करावे. तीन किलो डाळी-कडधान्यांत तूरडाळ आणि मूगडाळ मिळून दीड किलो आणि उरलेल्यात मसूर, मटकी, हुलगे, चवळी, वाटाणा, बेसन. बेळगावच्या शिवारात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतात. तो हंगामात थेट शेतकऱ्याकडून मिळाला तर वर्षाचा मसूर तेव्हाच घ्यावा. चवीतला फरक पहिल्याच घासाला कळतो.

ज्वारीचे दळप मात्र महिन्याचे एकदम आणू नये. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते आणि काही दिवसांनी पिठाला कडवटपणाही येतो. दहा-बारा दिवसांचे पीठ दळून आणावे. शेंगदाण्याचा कूटही आठवड्याचाच करावा, कारण तो खवट होतो. रवा आणताच कोरडा भाजून ठेवावा. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ती उन्हात वाळवून ठेवण्याची आपली जुनी रीत आजही चांगली आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत मात्र मी सोडली आणि इतरांनाही सोडायला सांगते. ते विष आहे आणि धुऊन सगळे जाईलच याचा भरवसा नाही. कोरडे धान्य, कोरडा डबा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला एवढे पुरते.

आठवड्याचा भार हलका करायचा असेल तर सगळी खरेदी आठवड्यावर टाकू नये. वर्षाची, महिन्याची आणि आठवड्याची अशा तीन खरेद्या वेगळ्या असतात आणि आपल्या आज्या हे उत्तम जाणत होत्या. त्यांची उन्हाळ्यातली बेगमी म्हणजे पुढच्या आठ महिन्यांतल्या संध्याकाळचा वेळ आधीच करून ठेवणे होते. मार्च-एप्रिलमध्ये रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची घेऊन, उन्हे देऊन, कांडप यंत्रावरून वर्षाचा कांदा-लसूण मसाला करून आणला की कोणतीही उसळ वीस मिनिटांत होते, कारण वाटण घालण्याचे निम्मे काम त्या मसाल्यातच झालेले असते. पाच माणसांना वर्षाला साधारण साडेतीन किलो मिरची पुरते. आमसूल, सांडगे, वाळवलेली गवार, कारळ्याची चटणी हे सगळे जुलैमधल्या त्या दिवसांसाठी असते, जेव्हा सहा वाजता बाहेर मुसळधार पाऊस असतो आणि बाजारात भाजी महाग आणि चिखलाने माखलेली असते. बाजारात मिळणारी ज्वारीची कडक भाकरीही अशा वेळी फार उपयोगाची. हवाबंद डब्यात ती कित्येक दिवस राहते आणि आमटीत कुस्करली की जेवण होते.

तांदळाची खरेदी डिसेंबर-जानेवारीत, भात घरी आल्यावर करावी. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या शिवारांतील बासमतीचा वास आपल्या पिढीने अनुभवला आहे, आणि खानापूरकडची इंद्रायणी मऊ भातासाठी उत्तम. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि त्याला पाणी कमी लागते, म्हणून घेतलेला तांदूळ काही महिने मुरू द्यावा आणि मधल्या काळात मागच्या वर्षीचा वापरावा. सणासाठी सुवासिक तांदूळ आणि रोजसाठी साधा, असे दोन डबे ठेवले तर खर्चही आटोक्यात राहतो. ज्यांच्या घरी अन्नभाग्य योजनेचा रेशनचा तांदूळ येतो त्यांनी तो आंबोळी, घावन आणि तांदळाच्या भाकरीसाठी राखावा. न्याहारीचा मोठा भाग त्यात भागतो.

महिन्याच्या किराण्याचे काम सर्वांत सोपे आहे. रविवार पेठेत जाऊन महिन्याचे एकदम घ्या किंवा घराजवळच्या दुकानातून घ्या, पण यादी दुकानात उभे राहून आठवू नये. प्रत्येक जिन्नसाची एक पुडी वापरात आणि एक मागे असावी, आणि मागची पुडी फोडली की त्याच क्षणी कपाटाच्या दारावरच्या कागदावर नाव लिहावे. महिन्याअखेरीस तो कागद हीच यादी.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज सहसा पडत नाही. ताटाचे प्रमाण बदलते. त्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितले असेल ते आधी पाळावे. त्या चौकटीत राहून आधी कोशिंबीर आणि भाजी, मग एक ज्वारीची भाकरी, आमटी घट्ट डाळीची, आणि भात एखादा छोटा डाव, असे ताट वाढावे. त्यांच्या जेवणाची वेळ मात्र कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये. त्या औषध घेत असतील तर उशिराचे जेवण त्यांना त्रासाचे ठरू शकते. तुम्हाला यायला उशीर होणार असेल त्या दिवसासाठी सकाळीच भाकरी आणि भाजी काढून ठेवण्याची सोय या नियोजनात पहिल्या क्रमांकावर हवी.

उरलेल्या अन्नाबाबत दोन गोष्टी कसोशीने पाळाव्यात. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, आणि काढल्यावर हवे तेवढेच, एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करावे. भाताची विशेष काळजी घ्यावी, कारण भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात वाढणाऱ्या जंतूंनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा भात पसरून थंड करावा, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी फोडणीला घालावा. आमटी-उसळ फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी ती लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तुमच्या पत्रात ‘मी ठरवते, मी आणते, मी टाकते’ असे सगळीकडे ‘मी’ आहे. स्वयंपाकाचे हात वाटून घेणारी घरे आता बरीच दिसतात, पण काय संपले, काय खराब होत आले, उद्या डब्यात काय जाणार याचा विचार अजूनही एकट्या बाईच्या डोक्यात असतो आणि संध्याकाळचा थकवा बहुतांशी त्या विचाराचा असतो. बुधवारचा छोटा बाजार आणि कपाटावरचा कागद ही दोन कामे पूर्णपणे यजमानांकडे द्या. पूर्णपणे म्हणजे काय आणायचे हे त्यांनीच फ्रिज उघडून पाहायचे. तुम्ही यादी लिहून दिली तर काम तुमच्याकडेच राहिले. पहिले दोन आठवडे चुकीची भाजी येईल. ती शिजवून खा, बोलू नका.

सुरुवात करताना पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका. फक्त ओट्याजवळ एक वही ठेवा आणि जे जे टाकून दिले ते त्या दिवशी लिहा: अर्धी पेंडी शेपू, दोन वाट्या भात, चार टोमॅटो. पुढच्या रविवारी बाजाराला जाताना ती वही बरोबर न्या आणि तिच्यात जे दोनदा आले असेल ते निम्मे घ्या. त्या रविवारपासून भाजीचे चार गट पाळायला लागा. दोन मोकळ्या रात्री तिसऱ्या आठवड्यापासून ठेवा, आणि भाजीचे किलो मोजणे दुसऱ्या महिन्यात. गणपती, दिवाळी किंवा माहेरच्या गावची जत्रा ज्या आठवड्यात येईल त्या आठवड्यात भाजी निम्मीच आणा, कारण त्या दिवसांत घरात शिदोरी, प्रसाद आणि फराळ येत राहतो आणि आणलेली भाजी तशीच पडून राहते.